लॅपटॉपची जागा कोण घेणार?

लॅपटॉप ठेवावा, की तो मोडीत काढून बगलेत मावणारे एखादे लहान यंत्र घ्यावे, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो. त्याला निमित्तेही तशीच घडली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबविला, आणि जे लॅपटॉप पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नव्हते ते चालू असूनही म्हातारे ठरले. दुसरीकडे टॅबलेट आणि मोबाइल इतके समर्थ झाले आहेत की, ‘आता लॅपटॉप हवाच कशाला?’ असे दुकानदार विचारतो आणि गिऱ्हाईकही मान डोलावते. मान डोलावण्यापूर्वी ह्या प्रश्नाची थोडी फोड करून पाहावी, एवढाच ह्या व्याख्यानाचा हेतू आहे. अमुक कंपनीचे अमुक यंत्र घ्या, असे आम्ही सांगणार नाही. ह्या बाजारात दरसाल नवे माल येतात. आज घेतलेले नाव हे पुस्तक छापून बाहेर पडेतो शिळे झालेले असेल. निवड कशी करावी हे मात्र इतक्या लवकर शिळे होत नाही.

दप्तर आणि कलमदान

कचेरी बरोबर घेऊन हिंडणे आपल्याला नवीन नाही. पेशवाईतला कारकून मोहिमेवर निघाला की कलमदान कमरेला आणि कागद रुमालात बांधलेले, अशा थाटाने निघे. पेशवे दप्तरातील कागदांची मोजदाद अजूनही रुमालांनीच होते. मोडी लिपीचे वळणसुद्धा लेखणी वरचेवर न उचलता भराभर लिहिता यावे ह्या सोयीचे आहे. ह्या फिरत्या कचेरीची अंगे मोजली तर चार भरतात: लिहिण्याचे साधन, लिहिलेले डोळ्यांपुढे पसरण्याची जागा, कागद जपून ठेवण्याची सोय, आणि ह्या सर्वांचा उपयोग जाणणारा स्वतः कारकून.

लॅपटॉप म्हणजे हीच चार अंगे एका बिजागरीवर बसविलेली. कीबोर्ड हे लेखणीचे काम करतो, पडदा पसरण्याच्या जागेचे, आतील साठवण रुमालाचे, आणि त्यावर चालणारे प्रोग्राम हे कारकुनाचे. म्हणून ‘लॅपटॉपऐवजी काय?’ हा एक प्रश्न नसून चार प्रश्न आहेत. टॅबलेट चांगला की वाईट, ह्यावरचे वाद बहुधा निष्फळ ठरतात ते ह्यामुळेच. एकजण पडद्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा कारकुनाबद्दल.

यंत्रांची दोन घराणी

आजच्या लहान यंत्रांचे गुणदोष समजण्यासाठी त्यांची कुळकथा थोडक्यात पाहिली पाहिजे.

१९७२ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के ह्या संशोधकाने ‘डायनाबुक’ नावाच्या एका यंत्राची कल्पना मांडली. ते वहीएवढे असावे, चार पौंडांहून हलके असावे, आणि मुलांच्या हाती द्यावे, असे त्याचे म्हणणे होते. ते यंत्र तसे कधी तयार झाले नाही. पण त्या कल्पनेतील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलाने त्यावर वाचावे एवढेच के ह्यांना नको होते; मुलाने त्यावर लिहावे, चित्रे काढावीत, स्वतःचे प्रोग्राम रचावेत, ही त्यांची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात जे बाजारात आले ते निराळेच. १९८१ चा ‘ऑस्बोर्न १’ हा उचलून नेता येणारा संगणक म्हणून विकला गेला. त्याचे वजन सुमारे ११ किलो आणि पडदा ५ इंचांचा! शिवाय तो विजेच्या भिंतीतल्या खुंटीला बांधलेला. १९८२ च्या ‘ग्रिड कंपास’ने पडदा कीबोर्डावर मिटण्याची रीत आणली, आजचा लॅपटॉप त्याच वळणावर गेला. १९८३ च्या ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ चा पडदा अवघ्या आठ ओळींचा होता. पण कीबोर्ड पूर्ण मापाचा, वजन दीड किलोच्या आसपास, आणि बाजारात कोठेही मिळणाऱ्या चार साध्या पेन्सिल सेलवर ते सुमारे वीस तास चाले. टेलिफोनवरून मजकूर धाडण्याची सोयही आतच होती. अमेरिकेतील बातमीदारांनी ते उचलून धरले, कारण त्यांचे काम एकच होते: लिहिणे आणि पाठविणे. आठ ओळींचा पडदा त्यांना पुरला; वाईट कीबोर्ड पुरला नसता.

हे झाले टेबलावरच्या संगणकाचे घराणे, जे वरून खाली उतरत लहान झाले. दुसरे घराणे टेलिफोनचे. ते खालून वर चढले. १९९६ चा ‘नोकिया ९००० कम्युनिकेटर’, २००७ चा आयफोन, २०१० चा आयपॅड, आणि अँड्रॉइडवर चालणारे टॅबलेट हे त्या घराण्यातले. दोन्ही घराण्यांत मोठा फरक आहे तो आकाराचा नव्हे. पहिल्या घराण्यात यंत्राचा धनी आपल्याला हवा तो प्रोग्राम आणून बसवितो. बरेवाईट त्याचे त्याच्याकडे. दुसऱ्या घराण्यात वाड्याच्या देवडीवर पहारेकरी असतो. आत येणारा प्रोग्राम बहुधा कंपनीच्या दुकानातून येतो, आणि आत आल्यावरही त्याला स्वतःच्या खोलीबाहेर फारसे हिंडता येत नाही. ह्यामुळे यंत्र सुरक्षित राहते, अडाण्याच्या हातीही सहसा बिघडत नाही. पण एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीत नेताना दर वेळी परवानगी काढावी लागते. टॅबलेटवर काम करणाऱ्याला जो बारीकसारीक जाच होतो, त्याचे मूळ येथे आहे.

अलीकडे ह्या घराण्यांत सोयरीक जुळू लागली आहे. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस’ आणला. त्याच्या ‘प्रो’ आवृत्तीत टॅबलेटच्या अंगावर पूर्ण विंडोज चढविलेले होते. २०१५ साली आयपॅड प्रोला कीबोर्ड आणि लेखणी मिळाली, २०२० साली आयपॅडला माउसचे दर्शक-बाण मिळाले, आणि २०२५ साली पडद्यावर हव्या त्या मापाच्या खिडक्या मांडण्याची मोकळीक मिळाली. सॅमसंगने २०१७ पासून काही मोबाइलांत ‘डेक्स’ नावाची सोय दिली. मोबाइल मोठ्या पडद्याला जोडला की संगणकासारखे मेज समोर येते.

आपल्या देशातही ह्या दिशेने प्रयत्न झाले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने घडलेला ‘सिंप्यूटर’ २००४ साली विक्रीस आला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट जाहीर केला. पडदा सात इंचांचा, बोटाने दाबावा लागणारा. स्मृती २५६ मेगाबाइटची. हेतू उत्तम होता. पण विद्यार्थ्याने त्यावर निबंध लिहावयाचा कसा, हा प्रश्न किमतीने सुटला नाही.

लेखणीची परीक्षा

आता चार अंगे एकेक करून तपासू. पहिले लेखणीचे.

टंकलेखन यंत्रापासून चालत आलेल्या कीबोर्डात एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. बोटांना हे माप इतके अंगवळणी पडले आहे की, न पाहता लिहिणारा माणूस त्याहून बऱ्याच अरुंद कीबोर्डावर अडखळतो. लहान टॅबलेटच्या आवरणातील कीबोर्ड पुष्कळदा अरुंद असतात. ज्याचे लिहिणे दिवसाला दोन-चार निरोपांपुरते आहे त्याला त्याने काही बिघडत नाही. ज्याला रोज हजार शब्द लिहावयाचे आहेत, त्याने दुकानात उभ्याउभ्या नव्हे, खुर्चीवर बसून एक पानभर मजकूर लिहून पाहावा. टॅबलेट मांडीवर नीट उभा राहतो की मागे कोसळतो, हेही तेव्हाच कळेल.

कीबोर्ड घेतला की वजनाचा हिशेब बदलतो, हेही येथेच सांगितले पाहिजे. अकरा इंची टॅबलेट सुमारे अर्ध्या किलोचा असतो. त्याला ट्रॅकपॅडसह चांगला कीबोर्ड जोडला की एकूण भार किलोभर होतो. हलके लॅपटॉप आज सव्वा किलोचे मिळतात. म्हणजे ज्या वजनासाठी हा खटाटोप केला, ते पावशेरानेच वाचले! किमतीचेही पुष्कळदा असेच होते. जाहिरातीतली किंमत एकट्या टॅबलेटची असते; कीबोर्ड आणि लेखणी ह्यांचे पैसे निराळे.

मराठी लिहिणाराला आणखी एक परीक्षा घ्यावी लागते. पडद्यावर उमटणारा मराठी कीबोर्ड आज जवळजवळ सर्वत्र आहे, आणि २०१७ पासून गूगलच्या सोयीने मराठीत बोलूनही मजकूर उतरविता येतो. पण पडद्यावरच्या कीबोर्डावर मराठी उमटते म्हणून बाहेरून जोडलेल्या कीबोर्डावरही उमटेलच असे नाही. म्हणून तो जोडून ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ॲड्व्होकेट’ आणि ‘वाङ्मय’ हे तीन शब्द लिहून पाहावेत. ‘दऱ्या’मधला र आणि ‘ॲ’ ही मराठीची खास गरज आहे. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. हे तीन शब्द सुखरूप उतरले तर बाकीची मराठी सहसा अडत नाही.

पसरण्याची जागा आणि तेल

पडद्याचे माप कर्णावर मोजतात, आणि त्यामुळे फसगत होते. १४ इंची लॅपटॉपच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ५४० चौरस सेंटिमीटर भरते. ११ इंची टॅबलेटचे सुमारे ३७५, आणि ६.७ इंची मोबाइलचे अवघे ११० च्या आसपास. म्हणजे मोबाइलचा पडदा कर्णाने लॅपटॉपच्या निम्मा दिसला तरी जागेने पाचवा हिस्सा आहे. टॅबलेटवर पडद्यातलाच कीबोर्ड उघडला की आडव्या पडद्याची जवळजवळ अर्धी जागा तोच खातो. एक कागद वाचावयाचा असेल तर ह्यात काही अडत नाही. डावीकडे जुना ठराव आणि उजवीकडे नवा मसुदा ठेवून लिहावयाचे असेल, तर जागा कमी पडल्याचे ताबडतोब जाणवते.

ह्यावर तोड म्हणजे घरी मोठा पडदा ठेवून लहान यंत्र त्याला जोडणे. तोड चांगली आहे, पण एक खबरदारी घ्यावी. मोबाइलच्या खालचे यूएसबी-सी छिद्र सर्वांचे सारखेच दिसते. त्यातून चित्र बाहेर पडेलच असे मात्र नाही. स्वस्त यंत्रांत ते छिद्र बहुधा विजेपुरते आणि साध्या देवघेवीपुरते असते.

बॅटरीच्या आकड्यांतही अशीच गंमत आहे. ५००० मिलिअँपिअर-तास हा आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण त्याला विद्युतदाबाने गुणल्याशिवाय साठा कळत नाही. पाच अँपिअर-तास गुणिले ३.८५ व्होल्ट, म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. सामान्य टॅबलेटमध्ये हा साठा २८ ते ३० च्या आसपास आणि मध्यम लॅपटॉपमध्ये ५० ते ६० असतो. तरीही टॅबलेट दिवसभर चालतो, कारण त्याचा दिवा लहान आणि वातही बारीक. १९८५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत जन्मलेली ‘आर्म’ ही प्रोसेसरची जात थोड्या विजेत पुष्कळ काम करते. मोबाइल आणि बहुतेक टॅबलेट तिच्यावरच चालतात. पण आता हीच जात काही लॅपटॉपांतही आली आहे. त्यामुळे ‘बॅटरी जास्त टिकते’ ह्या एका मुद्द्यावर टॅबलेट निवडण्याचे दिवस सरले, असे समजण्यास हरकत नाही.

रुमाल कोणाच्या ताब्यात?

तिसरे अंग कागद जपण्याचे. लॅपटॉपवर फायलींचे कपाट समोर असते आणि कोणता कागद कोणत्या खणात आहे हे आपण ठरवितो. टॅबलेटवर कपाट आहे. आयपॅडला ते २०१७ साली मिळाले. पण यंत्राचा कल कागद दूरच्या साठवणीत ठेवण्याकडे असतो. ह्याची सोय मोठी आहे: यंत्र हरवले तरी कागद हरवत नाही. जोखीमही आहे: इंटरनेट नसेल तेथे कागद नसतो, आणि मासिक वर्गणी थांबली की साठवणीचे दार अडते. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत स्वतःच्या बाह्य डिस्कवर उतरविता येते का, हे यंत्र घेण्यापूर्वीच करून पाहावे.

ज्यांच्याकडे जुना मराठी मजकूर आहे त्यांना आणखी एक अडचण येते. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडे जे फॉन्ट चालत, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका, जुनी हस्तलिखिते अशा रूपात पडून आहेत. जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी हे सारे युनिकोडमध्ये उतरवून घ्यावे. नव्या टॅबलेटपेक्षा हे काम अधिक निकडीचे आहे.

अडणारे काम

चौथे अंग कारकुनाचे, म्हणजे प्रोग्रामांचे; आणि निर्णय बहुधा येथेच होतो. पत्र लिहिणे, मेल पाहणे, सभेला पडद्यावरून हजर राहणे, लेख वाचून त्यावर खुणा करणे, ही कामे टॅबलेट लॅपटॉपइतकीच किंवा अधिक चांगली करतो. पण गृहनिर्माण संस्थेचे हिशेब पाहणाऱ्याचा टॅली हा प्रोग्राम पूर्णांगाने विंडोजवर चालतो. एक्सेलच्या तक्त्यात कोणी मॅक्रो रचून ठेवले असतील तर तो तक्ता टॅबलेटवर उघडेल, मॅक्रो चालणार नाहीत. करसल्लागाराची डिजिटल सही यूएसबीच्या बोटभर टोकनात असते आणि ते टोकन ओळखणारा प्रोग्राम बहुधा संगणकासाठीच लिहिलेला असतो. शंभर कामे टॅबलेटवर सुरळीत झाली आणि विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी सहीच उमटली नाही, तर त्या शंभर कामांचे कौतुक काय करावयाचे?

म्हणून आमचे सांगणे असे की, जे काम आपण सर्वांत जास्त वेळा करतो ते पाहून यंत्र निवडू नये. जे काम अडेल ते पाहून निवडावे. पंधरा दिवस एक कागद जवळ ठेवून लॅपटॉपवर जे जे काम केले ते लिहून काढावे. महिन्यातून किंवा वर्षातून एकदाच येणारी कामे आठवून त्यांत भर घालावी. मग प्रत्येक कामापुढे लिहावे: मोबाइलवर होते, टॅबलेटवर होते, की दोन्हींवर होत नाही. मोबाइल तर घरात असतोच. तेव्हा आठवडाभर लॅपटॉप कपाटात ठेवून, जमेल ते मोबाइलवर करून पाहण्याला पैसाही पडत नाही.

ह्या यादीतून तीनपैकी एक उत्तर निघते. काहीच अडत नसेल, तर लॅपटॉप खुशाल सोडावा. अडणारे काम क्वचित येणारे आणि घरी बसून करण्याजोगे असेल, तर जुना लॅपटॉप टेबलावर ठेवावा आणि बाहेर नेण्यास लहान यंत्र घ्यावे. विंडोज १० वर अडकलेला लॅपटॉप लिनक्स ही मोफत प्रणाली घालून आणखी काही वर्षे लिहिण्यावाचण्याच्या कामी येतो. तो भंगारात देण्याची घाई नको. पण अडणारे काम आठवड्याला येत असेल आणि तेही फिरतीवर, तर लॅपटॉपला पर्याय हलका लॅपटॉप हाच आहे.

यंत्राचे आयुष्यही विचारून घ्यावे. सुरक्षिततेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. गूगलने २०२३ साली आणि सॅमसंगने २०२४ साली आपल्या वरच्या वर्गातील काही मोबाइलांना सात वर्षांचे आश्वासन दिले. स्वस्त टॅबलेटना एवढे आयुष्य बहुधा मिळत नाही. स्वस्त यंत्र तीन वर्षांत बाद झाले तर ते स्वस्त कसले?

घरातल्या मुलाचे काय?

आतापर्यंतचा विचार स्वतःसाठी यंत्र घेणाऱ्याचा झाला. पण ज्या घरात एकच यंत्र येणार असते, तेथे निवड अधिक जबाबदारीची होते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा लाखो मुलांची शाळा मोबाइलमधूनच भरली. धडा ऐकता आला, चित्र पाहता आले. उत्तरे लिहिण्याची वेळ आली तेव्हा मुलांनी वहीत लिहिले आणि त्या पानाचा फोटो काढून गुरुजींना पाठविला. त्या मुलांच्या हुशारीला दाद दिली पाहिजे. पण मोबाइल त्यांची खिडकी झाला, वही झाला नाही, हेही त्यातून दिसले. टॅबलेटवर लिहिता येत नाही किंवा प्रोग्राम रचता येत नाही, असे कोणी म्हणणार नाही. मात्र कीबोर्डाशिवाय घेतलेला टॅबलेट पाहण्याकडे ओढतो आणि लिहिण्याला दमवितो. मुलाला तो घेऊन द्यावयाचा असेल तर कीबोर्डासाठी पैसे राखून ठेवावेत; ते जमत नसेल तर त्याच पैशांत मिळणारा वापरलेला, धडधाकट लॅपटॉप पाहावा. ॲलन के ह्यांनी मुलाच्या हाती जी वही कल्पिली होती, तिच्या अधिक जवळचा तोच ठरेल.

दुकानात जाताना तीन वस्तू बरोबर न्याव्यात: पंधरा दिवसांच्या कामांची ती यादी, आपली सर्वांत अडेल फाइल पेनड्राइव्हवर, आणि ‘दऱ्याखोऱ्या’सह ते तीन शब्द लिहिलेली चिठ्ठी. विक्रेता पडद्यावर रंगीत चित्रे दाखवू लागला तर ती पाहावीत, आणि मग आपली फाइल उघडण्यास सांगावे.